घाडीमास्तरांची पुसलेली कॅसेट

मिरजेहून मुलुंडला जाऊन आल्यावर त्यात लिहिण्यासारखं काय आहे, असं आमच्या पाटबंधारे कार्यालयातल्या मंडळींनी विचारलं. त्यांचं बरोबर आहे. तिथे किल्ला नाही, आणि देवळं बघायला आपल्याला घाट उतरावा लागत नाही. पण जायच्या आधी वर्षानुवर्षं ज्याची धास्ती घेतली, असा प्रवास मी आयुष्यात हा एकच केला. म्हणून तो लिहून काढतोय.

आधी घाडीमास्तर कोण ते सांगतो. रमाकांत घाडी. सिंथेसायझर वाजवतात. जाहिरातींतून, मालिकांच्या सुरुवातीच्या संगीतातून तुम्ही त्यांचे आवाज ऐकले असतील, नाव ऐकलं नसेल. आमच्या गल्लीत तंबोऱ्यासाठी भोपळे उन्हात वाळत घालतात. अशा गल्लीत राहून बटणं फिरवून आवाज काढणाऱ्या माणसाचा भक्त होणं म्हणजे सराफाच्या मुलाने खोटे दागिने घालून हिंडण्यासारखं आहे. वडील जाईपर्यंत मला 'विजेवरचा' म्हणत.

मी एकोणीस वर्षांचा असताना मास्तरांचा ऑर्केस्ट्रा गणपतीत आमच्याकडे आला होता. गाणी झाली, मिमिक्री झाली, आणि मग सगळे वादक बाजूला झाले. मास्तर एकटे पुढे आले. त्यांनी वाजवलेल्या रचनेचं नाव होतं 'तिसरी पाळी'. त्यांचे वडील कापडगिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे होते. गिरणी बंद पडल्यावर मास्तरांनी ती आख्खी गिरणी सिंथवर उभी केली होती : भोंगा, सूत कातायच्या चात्या, साचे, चहाच्या सुट्टीतली शांतता. तंतुवाद्यांच्या गावात लोक गप्प झाले. मग मी सायकलवरून त्यांच्या मागे सांगलीला गेलो, एसटीने कोल्हापूरला गेलो, इचलकरंजीला गेलो. इचलकरंजीत साच्यांचा आवाज सुरू झाल्यावर मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "दोरा तुटला, बघा रे!" आणि सगळं मैदान हसलं. मास्तरही हसले.

त्या दिवशी त्यांनी मला पाच कॅसेटींची पिशवी दिली. घरी वाजवून ठेवलेलं बरंच काही होतं त्यात. "ऐका आणि आठ दिवसांत पाठवा," म्हणाले. त्यातल्या एका कॅसेटवर नाव नव्हतं. लावली तर नुसती किंकाळी. कर्कश, सलग, मध्येच खरखर. मला वाटलं, फीत खराब झाली. त्याच आठवड्यात रेडिओवर एका बाईंच्या भावगीतांना मास्तर साथ करणार होते, आणि माझ्याकडे कोरी कॅसेट नव्हती. पुन्हा रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून कॅसेटच्या पाठच्या कडेला दोन टवके असतात, ते मोडून टाकतात. त्या कॅसेटचे मोडलेले होते. मी तिथे चिकटपट्टी लावली आणि बटण दाबलं. आठ दिवसांनी पट्टी काढून पाचही कॅसेटी ऑर्केस्ट्राच्या पत्त्यावर पाठवून दिल्या.

पुढे कितीतरी वर्षांनी, माझी मुलगी कॉलेजात जायला लागल्यावर, मोबाईलवर एक चित्रफीत बघत होतो. जुन्या सिंथमध्ये तयार केलेले आवाज कॅसेटवर कसे उतरवून ठेवत, ते एक माणूस दाखवत होता. त्याने कॅसेट लावली आणि तीच किंकाळी ऐकू आली. ती किंकाळी नव्हतीच. यंत्राला यंत्राच्या भाषेत लिहिलेली ती आठवण होती. मी जिची पूजा करत होतो ती गिरणी मी स्वतःच्या हाताने पुसली होती, त्यावर चिकटपट्टी लावून.

'तिसरी पाळी' त्या वर्षानंतर मास्तरांनी कुठेच वाजवली नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, कंटाळले असतील.

शनिवार, मुलुंड

मास्तरांचा नंबर मिळवल्यापासून दोन वर्षं त्यांच्याशी फोनवर बोलणं व्हायचं. 'मिरजकर, या एकदा,' ते म्हणायचे. बायकोला मी सगळं सांगितलं होतं. तिने स्वतः तिकीट काढलं, भडंगाचे दोन पुडे आणि बेदाणे बांधून दिले. "सांगितल्याशिवाय परत आलात तर दार उघडणार नाही," म्हणाली.

मुलुंडला रिक्षात बसल्यावर पहिला प्रश्न आला, "ईस्ट की वेस्ट?" आमच्याकडे 'कुणाकडे जायचंय' विचारतात आणि मग त्या घराची चार पिढ्यांची माहिती देतात. इथे दिशा सांगितली की संपलं. रिक्षावाल्याने न सांगता मीटर टाकला. सांगलीत हे घडलं तर पेपरात येईल.

मास्तरांचं घर तिसऱ्या मजल्यावर. घराला एकापुढे एक दोन दारं, बाहेरच्या दाराच्या जाळीतून आधी आपल्याला तपासून घेतात. पण एकदा आत घेतलं की मग सोडत नाहीत. मास्तर पंचाहत्तरीचे, बारीक, पायजम्यावर टी-शर्ट. काकू मूळच्या कणकवलीकडच्या. त्यांनी पाण्याचा तांब्या ठेवायच्या आधीच विचारलं, "कुळथाची पिठी खातास मां?" मी हो म्हणालो. मुक्कामाचे चारही दिवस मी हो म्हणत राहिलो आणि वजन वाढवून आलो.

मास्तरांच्या खोलीत पलंग सोडला तर सगळी यंत्रं. वायरींना त्यांनी रंगीत लोकर गुंडाळली होती, कुठली कुठे जाते ते कळावं म्हणून. लोकर काकूंची. "नातवाचा स्वेटर राहिला अर्धा," काकू म्हणाल्या. "ह्यांच्या वायरींक थंडी वाजता ना!"

मी सांगायला चार वेळा तोंड उघडलं. पहिल्या वेळी कुकरची शिट्टी झाली. दुसऱ्या वेळी मास्तरांनी माझ्यासाठी खास एक जुनी जाहिरात वाजवून दाखवली, आणि मी रडलो. ते त्यांना कौतुक वाटलं. तिसऱ्या वेळी शेजारचे गृहस्थ भडंग खायला आले. चौथ्या वेळी काही आड आलं नाही. माझीच जीभ उचलली नाही. बायकोचा फोन आला. "सांगितलंत?" मी म्हणालो, "पिठी फार छान झाली होती." तिने फोन ठेवला.

रविवार सकाळ, अजून मुलुंड

नाश्त्याला घावणे आणि नारळाचा रस. मी चौथ्या घावण्यावर होतो तेव्हा धीर करून विचारलं, "मास्तर, 'तिसरी पाळी' पुन्हा का नाही वाजवलीत?"

"गेली ती," मास्तर म्हणाले. "पुसली एका गाढवाने."

मी हातातला घावण्याचा तुकडा ताटात परत ठेवला.

"बेनी. बेनेडिक्ट. वर्सोव्याच्या खाडीपलीकडे मढ आहे ना, तिथला. माझा मित्र होता, यंत्रं सांभाळायचा. यंत्रातली बॅटरी मेली, आत साठवलेले सगळे आवाज उडाले. म्हटलं, हरकत नाही, कॅसेट आहे. लावली तर काय? एक बाई गातायत! बेनी त्या बाईंचा भलता चाहता होता. दुसऱ्या दिवशी अंधेरीत रेकॉर्डिंग, मालिकेवाल्यांना तोच साच्यांचा आवाज हवा होता. ते काम गेलं. मी बेनीला सगळ्यांच्या देखत नको ते बोललो. तो म्हणाला, मी नाय केलं. मी म्हटलं, खोटारडा आहेस. सिंथ दोघांचा होता, तो उचलून घेऊन गेला. त्यानंतर तोंड नाही बघितलं."

"नंतर पुन्हा नाही बनवता आले आवाज?"

"आकडे लिहून ठेवले नव्हते ना. आठवडाभर झपाटल्यासारखं केलं होतं ते. आणि यंत्र त्याच्याकडे."

मी आजवर एकाच अपराधाचं ओझं वाहत होतो. आता कळलं की दुसरा माणूस माझ्या वाटणीची शिक्षा भोगत होता, आणि मला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. मी ताट बाजूला सरकवलं आणि सांगितलं. पिशवी, किंकाळी, चिकटपट्टी, सगळं. काकू हातात उलथनं घेऊन दारात उभ्या होत्या. तव्यावरचा घावणा करपला तरी त्या हलल्या नाहीत.

मास्तर उठले, आत गेले. मला वाटलं, आता माझी बॅग बाहेर येईल. ते पँट-शर्ट घालून, भांग पाडून आले आणि काकूंना म्हणाले, "यांना सांग, चप्पल घाला. मढला जायचंय."

घाटकोपर ते वर्सोवा

मुलुंड ते मढ मास्तर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पण पाहुणा म्हणून माझी व्यवस्थाही त्यांना सोडवेना. म्हणून ते जगाला मध्यस्थ घालून माझ्याशी बोलायला लागले. घाटकोपरला स्टेशनबाहेर डोशाच्या गाडीपाशी थांबले आणि डोसेवाल्याला म्हणाले, "यांनी घावणे अर्धे टाकलेत. यांना एक साधा द्या." त्या डोशात चीज, शेव, बीट आणि आणखी काय काय होतं. साधा तो हाच असेल तर खास कसा असेल? आमच्या मिरजेत डोसा म्हणजे डोसा. मी खाल्ला. अपराधी माणसाला भूक लागू नये खरं तर, पण लागते.

मेट्रोत शिरताना माझ्याकडून तिकीट चुकीच्या जागी लावलं गेलं आणि फाटक उघडेना. मागे रांग लागली. मास्तर पलीकडून तिथल्या रखवालदार बाईंना म्हणाले, "मॅडम, त्यांना सांगा, वर लावायचं. त्यांना कुठे काय लावावं कळत नाही, जुनी सवय आहे." बाईंना काही कळलं नाही. मला कळलं. मनातून जरा बरंही वाटलं. टोमणा मारतोय म्हणजे माणूस पूर्ण तुटलेला नाही.

मेट्रो अंधेरीवरून जाते ती लोकांच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांच्या शेजारून. एका गॅलरीत एक आजोबा दाढी करत होते, दुसरीत कुणी पापड वाळत घातले होते. आपण रस्त्यावरून घरं बघतो ती त्यांची दर्शनी बाजू. ही पाठची. मला वाटलं, मास्तरांनी आज माझी अशीच पाठची बाजू पाहिली.

वर्सोव्याच्या धक्क्यावर सुक्या मासळीचा वास असा, की उभं राहून त्याला टेकावं. होडीत माणसं आणि मोटरसायकली एकाच हक्काने चढतात. मी कठड्याला धरून उभा राहिलो तर एका मोटरसायकलच्या चाकाने माझ्या चपलेचा अंगठा तोडला. पलीकडे पोचायला काही मिनिटंच लागतात. पण कृष्णेत पोहणाऱ्या माणसाला खाडीचं पाणी परकं वाटतं. मास्तर नावाड्याला म्हणाले, "यांना पोहता येतं का विचारून ठेवा. मी ढकललं तर तुमच्यावर नको."

नावाडी हसला. "काका, ढकला ना. भरती हाय, किनाऱ्याला लागतील."

मढ

मढ मुंबईत आहे हे मला अजून पटत नाही. बांबूंच्या वलांडींवर, म्हणजे मासळी वाळवायच्या मांडवांवर, बोंबील टांगलेले, रविवारचे इस्त्रीचे कपडे घालून लोक प्रार्थनेहून परतत होते, आणि एका बंगल्यापुढे शूटिंगची गाडी उभी होती. त्या गाडीतून उतरवलेल्या खोट्या तुळशीवृंदावनाकडे एक कोंबडी संशयाने बघत होती. मी एका पायात धड चप्पल आणि दुसरी सुतळीने पायाला बांधलेली, असा मास्तरांच्या मागून चाललो.

बेनीकाका घराच्या ओट्यावर बसून कुणाच्या तरी होडीचा वायरलेस दुरुस्त करत होते. सत्तरीचे, जाडजूड, डोळ्यावर भिंग. त्यांनी वर बघितलं. भिंग कपाळावर सरकवलं.

"काय रे घाडी, बोट चुकली काय तुझी?"

"नाही चुकली," मास्तर म्हणाले. मग माझा दंड धरून मला पुढे केलं. "याचं ऐक."

मी एकाच दिवसात दुसऱ्यांदा सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं जाईल असं वाटलं होतं. उलट अवघड गेलं, कारण या माणसाचे हात वायरलेसच्या स्क्रूवर तसेच थांबले होते. दाराशी त्यांची बायको फिलोमिनाबाई येऊन उभी राहिली होती.

मी थांबल्यावर बेनीकाकांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मास्तरांना म्हणाले, "मी काय बोललेलो तुला?"

"मी नाही केलं, म्हणालास."

"आणि तू काय बोलला?"

"चुकलं माझं, बेनी."

"जोरात बोल. फिलूच्या उजव्या कानाला ऐकू कमी येते."

"चुकलं माझं!" मास्तर ओरडले. शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला.

"त्या बाईच्या गाण्यावरून भांडला तू माझ्याशी," बेनीकाका म्हणाले. "मी तिची गाणी ऐकायची सोडली रे. इतकी चांगली गाणी!" मग माझ्याकडे वळले. मी हात जोडले. "आणि तू. तुला मिरजेत दुसरी कॅसेट नाय भेटली? आख्ख्या मिरजेत?"

"नाही," मी म्हणालो. "म्हणजे, शोधली नाही."

ते खदखदून हसले. मग हसू थांबलं आणि मान खाली घालून म्हणाले, "घाडी, एक सांगतो. दोन कॉप्या काढायचं माझं काम होतं. मी तुला बोललो, दोन काढल्या. दुसरी मी काढलीच नव्हती. आळस केला. म्हणून तू बोलला तेव्हा मी जास्त भडकलो."

मास्तर ओट्यावर बसले. "आणि ती कॅसेट याच्या पिशवीत मीच टाकली असणार," ते म्हणाले. "दुसरं कोण टाकणार?"

फिलोमिनाबाई एवढा वेळ ऐकत होत्या. "तिघं मिळून एक कॅसेट सांभाळता नाय आली," त्या म्हणाल्या. "चला आत. फुगे गार होतात."

फुगे म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोल गोळे, आत पोकळ. सोबत बाटली मसाल्यातलं कोंबडीचं कालवण. हा मसाला वर्षाचा एकदम कुटून काळ्या बाटल्यांत ठासून ठेवतात, आपण कांदा-लसूण मसाला करतो तसा. तिखटात आमचा वरचढ, वासात त्यांचा. जेवताना दोघे म्हातारे इतकं बोलत होते की वाढणं माझ्याकडे आलं. कोण मेलं, कुणाचा गुडघा बदलला, कुठल्या वादकाने अमेरिकेत हॉटेल टाकलं. मधेच मास्तरांनी माझ्याकडे न बघता ताट पुढे केलं आणि म्हणाले, "अरे, वाढ ना." अरे! तोपर्यंत मी 'अहो मिरजकर' होतो.

जेवण झाल्यावर बेनीकाका आम्हाला माळ्यावर घेऊन गेले. सिंथ चादरीखाली होता. पट्ट्या पिवळ्या पडलेल्या, पण धूळ नाही. "दर नाताळच्या आधी उघडतो, साफ करतो, बंद करतो," ते म्हणाले. "वाजवणार कोण?"

त्यांनी वायर लावली. दिवा लागला. मास्तर खुर्चीत बसले आणि त्यांनी हात पट्ट्यांवर ठेवले.

"साचे," बेनीकाका म्हणाले. "साच्यांपासून सुरू कर."

पुढचे दोन तास मी आयुष्यात पाहिलेलं सर्वांत सुंदर भांडण चाललं. बेनीकाका बटणं फिरवत, मास्तर पट्टी दाबत. "हा काय साचा? हे शिवणयंत्र झालं." "तुझे कान गेले घाडी, खालचा आवाज असाच होता." "असा नव्हता, जाड होता." "जाड भोंगा होता, साचा नाय." शेवटी दोघेही दमले. एक असा आवाज जमला की दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि एकदम मान डोलावली. मग मास्तर माझ्याकडे वळले.

"तू चार गावांत ऐकलास. हाच ना?"

दुपार कलली होती. दोघांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर तो दिवस तिथेच गोड संपला असता.

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही?"

"जवळ आहे. पण इचलकरंजीत तो लंगडत होता, मास्तर. तीन फेऱ्या सरळ आणि चौथीला जरा अडखळायचा. जणू दम घेतोय. लोक त्याच जागी हसले होते. दोरा तुटला म्हणून कुणीतरी ओरडलं ते त्यामुळेच."

मास्तरांचा हात पट्टीवरून उचलला गेला. आवाज थांबला.

"लंगडत होता," ते स्वतःशीच म्हणाले. "बाबांचा साचा. तो खरंच तसा चालायचा रे. कितीदा दुरुस्त केला, तरी चौथ्याला अडखळायचाच. बाबा म्हणायचे, राहू दे, त्याला त्याची चाल आहे." त्यांनी चष्मा काढून टी-शर्ट शोधला, शर्ट आहे हे लक्षात आल्यावर बाहीला पुसला. "मी हे मुद्दाम घातलं होतं. मीच विसरलो होतो."

"मला कधी बोलला नाय तू हे," बेनीकाका म्हणाले.

"तू कधी विचारलंस?"

बेनीकाकांनी मला टॉर्च दिला. मी यंत्राच्या मागच्या बाजूला उजेड धरला. त्यांनी एक बारीक बटण केसाएवढं फिरवलं. मास्तरांनी पट्टी दाबून धरली. तीन फेऱ्या, मग एक धक्का.

"हा?"

"नाही. इतकं जोरात नाही अडखळायचा."

"हा?"

"नाही."

"हा माणूस आता खरं बोलायला लागलाय तर थांबायचंच नाव घेत नाही," मास्तर बेनीकाकांना म्हणाले. त्यांचा आवाज हसरा होता.

फिलोमिनाबाईंनी जिन्याखालून हाक मारली. "घाडी, शेवटच्या होडीने जाणार की राहणार? भात किती टाकू?"

मास्तरांनी पट्टीवरचं बोट न काढता ओरडून सांगितलं, "त्या मिरजेच्या माणसाला विचारा वहिनी! तो हो म्हणेपर्यंत आम्ही इथेच."